तीन खिडक्यांची पेटी

तीस वर्षं कारखान्यात यंत्रांची पॅनेलं कापून तात्यांना एक खोड जडली होती. कापलेल्या कडेवरून ते नख फिरवत. नख कुठे अडलं, की काम परत. हाताखालच्या लोकांना त्या नखाने रडकुंडीला आणलं होतं. निवृत्तीनंतर छळायला कुणी उरलं नाही, म्हणून ते स्वतःलाच छळत.

या वेळचं काम थोरल्या बहिणीचं होतं. अक्काची नजर वर्षभरात जवळजवळ गेली होती. मोबाइलच्या काचेवर तिला काही सापडेना. मागच्या महिन्यात ती न्हाणीघरात पडली, तेव्हा तासभर तशीच पडून राहिली. दूरच्या शहरातला तिचा मुलगा रविवारी तिला न्यायला येणार होता, आणि अक्काला तर घर सोडायचं नव्हतं. शेवटी मायलेकांत ठरलं, की गरज पडेल तेव्हा तिला स्वतःच्या हाताने कुणाला तरी बोलावता आलं, तर ती राहील. नाहीतर बॅग भरायची.

तात्यांनी तीन बटणांची पेटी करायला घेतली. एक दाबलं की शेजारणीला फोन, दुसरं दाबलं की डॉक्टरांना, तिसरं तात्यांना. आतली जोडणी दोन दिवसांत झाली. बटणं बसवायला झाकणात कापायच्या तीन चौकोनी खिडक्यांना चार दिवस लागले. प्लायवूडचा साचा झाकणावर चिकटवायचा, मधोमध भोक पाडायचं, राउटरचं, म्हणजे कोरायच्या यंत्राचं, गरगरणारं पातं त्यात उतरवून साच्याच्या कडेकडेने फिरवायचं. हात रेंगाळला की प्लास्टिक वितळतं, घाई केली की कड तुटते. दोन झाकणं भंगारात गेली. तिसऱ्यात मात्र बटणं अशी बसली, की झाकण कुठे संपतं आणि बटण कुठे सुरू होतं ते नखालाही कळेना. तात्या स्वतःवरच खूश झाले.

रविवारी भाचा आला. अक्काने पेटी मांडीवर घेऊन हात फिरवला. पुन्हा फिरवला.

“छान गुळगुळीत आहे रे,” ती म्हणाली. “पण बटणं कुठायत?”

भाच्याने कोपऱ्यातली रिकामी बॅग पुढे ओढली, तेच तात्यांना जास्त लागलं. न दिसणाऱ्या बहिणीसाठी त्यांनी दिसणाऱ्यांनी वाहवा करावी अशी पेटी केली होती.

“तासभर दे मला,” ते भाच्याला म्हणाले.

“मी पण येते,” अक्का उठली. “तेव्हा मला विचारलं नाहीस. आता विचारून कर.”

तात्यांचं घर गल्लीपलीकडेच होतं. पहिल्या खिडकीपाशी एक खाच, दुसरीपाशी दोन, तिसरीपाशी तीन, असं अक्कानेच ठरवलं. साचा करायला वेळ नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच तात्यांनी साच्याशिवाय राउटर चालवला. शेवटच्या खिडकीपाशी हात हलला आणि एक खाच वाकडी गेली. ते कानस शोधू लागले, तर अक्काने चाचपून पाहिलं आणि झाकण छातीशी धरलं.

“राहू दे ती. तुझं बटण कुठलं ते मला लगेच कळतंय.”

परत आल्यावर भाच्याने उलटसुलट क्रमाने तिघांना बोलवायला सांगितलं. अक्का एकदाही चुकली नाही. तिसऱ्या वेळी शेजारीण खिडकीतूनच ओरडली, की आता कुणीतरी खरंच पडा. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

भाच्याने मात्र पेटी हातात घेतली आणि खाचांवरून बराच वेळ बोट फिरवलं.

“मामा, यात माझं बटण नाही.”

तात्या गडबडले. उत्तर अक्कानेच दिलं. “तू लांब असतोस रे. धावत येतील त्यांचीच घेतली.”

“पडल्यावर नको बोलावूस मला,” तो म्हणाला. “बरी असशील तेव्हा दाब.”