माझी मुकी पट्टी

मित्रांनो, आधी मला नीट बघून घ्या. मी एक जुनी पायपेटी आहे. चर्चमध्ये पुढच्या बाजूला, क्रुसाच्या उजवीकडे, खिडकीखाली माझी जागा आहे. मांडीवर नाहीतर टेबलावर बसते ती हार्मोनियम माझी धाकटी बहीण. मी तिच्यासारखी कोणाच्या काखेत बसून हिंडत नाही. मला माझे चार पाय आहेत आणि खाली दोन पायट्या. वाजवणारा स्टुलावर बसतो, दोन्ही पायांनी पायट्या दाबतो आणि दोन्ही हातांनी वाजवतो. माझ्या लाकडाला चिरा गेल्या आहेत, एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे आणि अगदी मधोमधची एक पांढरी पट्टी मुकी आहे. दाबली की खाली जाते, सोडली की वर येते, आवाज मात्र नाही. नवीन माणसं ती दाबून बघतात आणि "अरेरे, बिघडली वाटतं," म्हणतात. म्हणू देत बापडी! त्या पट्टीचीच हकिकत मला आज सांगायची आहे.

मला एका सुताराने घडवलं आणि माझ्या भात्याचं चामडं त्याच्या बायकोने चिकटवलं. सुतार मोठा बोलका होता. गिऱ्हाईक आलं की रंधा बाजूला ठेवून माझी कुंडली सांगत बसायचा. "लोकांना वाटतं पेटी वारा फुंकते," तो म्हणायचा. "छे हो! हिचं उलटं आहे. पायटी दाबली की हिच्या पोटातली हवा निघून जाते. पोट रिकामं झालं की बाहेरचा वारा आत धाव घेतो. वाटेत या पितळेच्या पातळ जिभा आहेत ना, त्या थरथरतात, तोच आवाज. हिच्यात स्वतःचं असं काहीच नाही. रिकामी होते म्हणून गाते."

"हळू बोला," त्याची बायको म्हणायची, "ऐकेल ती. मनाला लावून घेईल."

आणि मी खरंच मनाला लावून घेतलं. तेव्हा माझं पॉलिश नवं होतं. आपल्याला कोणी रिकामी म्हटलेलं तरुणपणी कोणाला आवडतं?

चर्चमध्ये आले ती एका बाईंच्या हाताखाली. बाई शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी मला वाजवायच्या. त्यांच्या हातात सदा एक पेन्सिल असे. गाताना कोणाचा सूर हलला की त्या माझ्या झाकणावर टक् टक् करायच्या आणि त्या माणसाकडे बघायच्या. मुलांनी त्यांचं नाव टकटकबाई ठेवलं होतं. त्या नावाचे खळगे अजून माझ्या झाकणावर आहेत. पण वाजवायच्या मात्र अशा, की बाहेरगावचे पाहुणे उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना सोडून आधी आमच्याकडे यायचे. "वा! काय हात आहे! काय पेटी आहे!" लोकांनी आम्हा दोघींना हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि आम्ही उतरायचं नाव घेत नव्हतो.

त्याच मंडळीत एक पोस्टमन होते. सगळे त्यांना पोस्टमनकाका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकू. काकूंचा गळा गोड होता. काकांना मात्र देवाने एकच सूर दिला होता. गीत डोंगर चढो की दरी उतरो, हे आपले सपाट रस्त्याने सायकलवर निघालेले. तो सूर कुठला, ते मला ठाऊक होतं. सगळ्यांच्या गळ्याला झेपावं म्हणून बाई बहुतेक गीतं एकाच ठिकाणाहून उचलायच्या, आणि जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्या मधल्या पांढऱ्या पट्टीवर येऊन थांबायची. काकांच्या कानाने तेवढाच एक सूर धरला होता. धरला तो मात्र पक्का धरला.

एका रविवारी बाईंना ते असह्य झालं. टक् टक्! गीत थांबलं.

"पोस्टमन," बाई म्हणाल्या, "तुम्ही नुसते ओठ हलवा. आवाज नको. देवाच्या घरात गोंधळ नको."

लोक हसले. काका कानापर्यंत लाल झाले, मग तेही थोडं हसले. काकू तेवढ्या हसल्या नाहीत. पुढच्या कडव्यापासून काका नुसते ओठ हलवू लागले. त्यानंतर कितीतरी वर्षं ते दर रविवारी त्याच बाकावर बसून ओठ हलवत होते, आणि काकू शेजारी दोघांचं मिळून गात होत्या. बाई मात्र तो प्रसंग उपासना संपायच्या आत विसरून गेल्या.

मग एक दिवस शाळेत गणित सांगता सांगता बाई फळ्याला टेकून खाली बसल्या. त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं होतं. सगळ्या मंडळीने गुडघे टेकून प्रार्थना केली. बाई स्वतः तर रात्रंदिवस एकच मागत होत्या, प्रभू, माझा हात मला परत दे. जीव वाचला, बोलणं सुधारलं, काठी टेकत चालू लागल्या. डावा हात मात्र मांडीवर पडला तो पडलाच.

त्या पुन्हा चर्चमध्ये येऊ लागल्या तेव्हा सुनेचा हात धरून शेवटच्या बाकावर बसल्या. माझ्याकडे त्यांनी मान वर करूनसुद्धा पाहिलं नाही. माझी किल्ली त्यांच्या पर्समध्ये होती. पाळकसाहेबांनी दोनदा सुचवून पाहिलं, "बाई, एका हाताने तरी." बाईंचं उत्तर ठरलेलं. "अर्धवट वाजवून देवाचा अपमान मी करणार नाही." दुसरं कोणी वाजवणारं नव्हतं. माझ्यावर एक चादर पडली. चादरीवर आधी फुलदाणी आली, मग ओल्या छत्र्या, मग पिशव्या. मित्रांनो, ज्या झाकणावरून लोक प्रेमाने हात फिरवायचे, तिथे ते आता पिशवी टाकून पुढे जात. माझा जीव तुटायचा. बाईंचंही तसंच झालं होतं. लोक त्यांची विचारपूस करायचे, उठायला हात द्यायचे, पण त्यांना काही मागायचे नाहीत. आपण देवाला नकोशा झालो, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

आणि काकू गेल्या. बरेच महिने त्या अंथरुणाला खिळून होत्या. दफनाच्या आदल्या दुपारी काका चर्चमध्ये आले. बाई सुनेबरोबर फुलांची व्यवस्था बघायला आल्या होत्या. काका टोपी हातात धरून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"बाई, तिची एकच इच्छा होती. तिचं आवडतं गीत उद्या पेटीवर वाजवाल का? एका हाताने चालेल."

"कसं चालेल?" बाई ताडकन म्हणाल्या. "लोक काय रडायचे सोडून माझी फजिती बघत बसतील? आणि पायट्या कोण दाबणार? माझा डावा पाय सोबतीला आहे, कामाला नाही."

"डावी पायटी मी हाताने दाबते की, आई," सून म्हणाली. "खाली बसून."

"तू गप्प बस. थांबा, दाखवतेच तुम्हाला काय होतं ते."

बाईंनी चादर ओढली आणि किल्ली लावली. सून माझ्या पायाशी बसली. भाता कुरकुरला, धूळ उडाली, आणि बाईंनी पहिलंच बोट ठेवलं ते मधल्या पांढऱ्या पट्टीवर. सगळ्यांत जास्त वाजलेली, सगळ्यांत झिजलेली ती जीभ. आवाज अर्धा बाहेर आला आणि तिने टक् करून मान टाकली. पितळेचा तुकडा आत पडला. मला वाटलं, संपलं आपलं.

"झालं समाधान?" बाई म्हणाल्या. "मी मोडकी, आता पेटीही मोडली. पेटी दुरुस्त करणारा राहतो दुसऱ्या शहरात. कोणाच्या भरवशावर वाजवू?"

काकांनी टोपी दोन्ही हातांत फिरवली. मग टोपीकडे बघत म्हणाले, "शेवटी शेवटी तिचा आवाज गेला होता, बाई. नुसते ओठ हलवायची. मला म्हणाली, 'इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात, ते आता मला कळलं.' मी विचारलं, अगं, असं गायलेलं प्रभूला ऐकू जात असेल का? तर म्हणाली, 'वेडे आहात का? क्रुसावर त्याला स्वतःला पाणी मागावं लागलं होतं. कोरडा घसा त्याला चांगला ठाऊक आहे.'"

बाईंनी विचारलं, "ओठ हलवायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

काका गडबडले. "असू दे बाई. जुनी गोष्ट आहे."

"मी?"

"माझा सूर वाईटच होता हो. राग नाही माझा."

बाई माझ्या पट्ट्यांकडे बघत बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, उजवा हात पट्ट्यांवरच राहिला, आणि पुसायला डावा वर आलाच नाही. सुनेने पदराने डोळे पुसले तेव्हा त्या म्हणाल्या, "उद्या येते मी. होईल तसं होईल."

दुसऱ्या दिवशी चर्च भरलं होतं. काकू लांबट लाकडी पेटीत, फुलांखाली, माझ्यासमोर होत्या. सून खाली बसून दोन्ही हातांनी डावी पायटी दाबत होती, बाई उजव्या पायाने दुसरी. एवढासा वारा, एक हात. माझा आवाज म्हाताऱ्या माणसाच्या श्वासासारखा निघाला. पहिली ओळ सुरू झाली आणि शेवटच्या शब्दावर येऊन पडली. मुकी पट्टी! जिथे पाय टेकायचा तिथे जमीनच नव्हती. गाणारे अडखळले. दुसऱ्या ओळीचीही तीच गत झाली. लोक आपापल्या चपलांकडे बघू लागले.  बाईंनी हात उचलला आणि झाकणाकडे नेला.

तेवढ्यात सूर आला. घोगरा, सपाट, पण अगदी बरोबर. काका काकूंच्या पेटीवर हात ठेवून उभे होते आणि डोळे मिटून तो एकच सूर धरून होते, माझा हरवलेला.

बाई वळल्या. जुन्या सवयीने त्यांची पेन्सिल माझ्या माथ्यावर ठेवलेली होती. त्यांनी ती उचलली. काकांनी डोळे उघडले, पेन्सिल बघितली आणि चटकन तोंड मिटलं. 

बाईंनी पेन्सिल खाली सुनेच्या मांडीवर टाकली.

"पोस्टमन, थांबू नका," त्या म्हणाल्या. "ही पट्टी आता तुमची आहे."

आणि मित्रांनो, ते गीत पूर्ण झालं. प्रत्येक ओळ काकांच्या सुरावर येऊन विसावली. दुसऱ्या कडव्यात त्यांचा गळा भरून आला तेव्हा मागच्या बाकांनी तो सूर उचलला, तिसऱ्यात सगळ्या मंडळीने. खिडकीच्या काचा थरथरल्या. इतकी वर्षं मी दोन हातांनी, दोन पायांनी, नव्या पॉलिशमध्ये वाजले, पण असं गाणं त्या भिंतींनी कधी ऐकलं नव्हतं. ते बळ माझं नव्हतं, मी तर मोडले होते. बाईंचं नव्हतं. काकांचं तर नव्हतंच, त्या बिचाऱ्यांना धड उभंही राहवत नव्हतं. मग ते कोणाचं होतं, हे कोणी कोणाला विचारलं नाही. पाळकसाहेबांनी प्रवचनाचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "प्रभूचे हात खिळ्यांनी जखडलेले होते, बोटसुद्धा हलवता येत नव्हतं, तेव्हाच त्याने आपल्या सगळ्यांना उचललं." सुताराचं ते रिकामं होण्याचं बोलणं मला त्या दिवशी कळलं, आणि त्याचा रागही गेला.

बाईंचा हात नंतरही बरा झाला नाही. त्या दर रविवारी एकाच हाताने वाजवू लागल्या. काही दिवसांनी पेटी दुरुस्त करणारा नवी जीभ घेऊन आला. "पाच मिनिटांचं काम," म्हणाला. काका मागे उभे होते. "बसवून घ्या बाई, बरं होईल," असं म्हणाले खरे, पण टोपी हातात चुरगळत होते.

"बाकीच्या सगळ्या साफ करून द्या," बाई त्या माणसाला म्हणाल्या. "ही राहू दे अशीच."

"अहो, पण लोक मला नावं ठेवतील!"

"ठेवू देत. मलाही आयुष्यभर ठेवली. काही बिघडलं नाही."

आता बाई नाहीत, काका नाहीत. बाईंनीच शिकवलेली सून वाजवते, दोन्ही हातांनी. इथली मुलं त्या सुरावर आली की आपोआप जोर लावून गातात आणि बाहेरची माणसं चकित होतात.

मित्रांनो, माझ्यावर ओली छत्री ठेवू नका, कोरड्या फडक्याने मला पुसत जा, एवढं तर मी मागेनच. पण तुमच्या घरात, वर्गात कोणाचा हात चालेनासा झाला, कोणाचा सूर हरवला, तर त्याच्यावर चादर टाकू नका. ओठ हलव, असं सांगू नका. कधी इकडे आलात तर माझी ती पट्टी दाबून बघा. काही ऐकू आलं नाही तरी लगेच झाकण लावू नका. थोडं थांबा. मागे कोणीतरी बाक पुसत असेल, फुलं मांडत असेल. ते तिथूनच तो सूर तुम्हाला गाऊन देईल.