तक्रारीचा ठिपका

जिल्ह्याच्या आरोग्याचा आणि गुन्ह्यांचा नकाशा लोकांसाठी खुला झाला, त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले. नकाशा शबनूरनं बनवला होता. कोल्हापुरातल्या ज्या खासगी कंपनीत ती नोकरीला होती, त्या कंपनीला हे काम सरकारकडून मिळालं होतं. मोबाईलवर जिल्हा उघडायचा, बोटांनी मोठा करायचा. डेंग्यू कुठं, क्षयरोग कुठं, चोऱ्या कुठं, सगळं रंगीत ठिपक्यांत. मुलींचा जन्मदर घटलेली गावं गडद दिसायची आणि त्यांच्यावर गर्भलिंग तपासणीच्या तक्रारींचे जांभळे ठिपके.

शहरात ठिपक्यांची एवढी गर्दी, की कुठला कुणाचा ते कळायचं नाही. पण मळ्यातल्या एकट्या घराचा ठिपका थेट त्याच्या कौलांवर जाऊन बसायचा. हे तिनं कंपनीतल्या आपल्या वरिष्ठांना, उदयसिंह साहेबांना, आधीच सांगितलं होतं.

"नावं कुठं दिलीत आपण?" ते म्हणाले होते. "लोकांना बघू दे की. नंतर सुधारू."

लोक कुठला भाग उघडून बघतात, हे शबनूरला तिच्या स्क्रीनवर दिसायचं. गडहिंग्लजच्या बाजूचा एक जांभळा ठिपका एका सकाळी सारखा उघडला जात होता. एरवी तिकडं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तिनं तो भाग मोठा केला. उसाच्या मधोमध एकच घर, शेजारी गोठा.

तिनं मूळ तक्रार काढली. गाडीतून मशीन आणून बायकांची तपासणी करतात, असं कुणीतरी हेल्पलाईनवर कळवलं होतं, नाव गुप्त ठेवा म्हणून. तपासणी कुठं होते तो पत्ता दिलेलाच नव्हता. मग ठिपका लावायला संगणकानं फोन करणाऱ्या बाईचाच पत्ता घेतला होता.

ठिपका काढून टाकून तिनं त्या नंबरवर फोन लावला.

"मावशी, मी नकाशाच्या ऑफिसातनं बोलतेय. तुमच्याकडं कुणी आलंय का?"

पलीकडं म्हशीची साखळी वाजली.

"आल्यात," बाई हळू म्हणाली. "च्या पित्यात. पोरी, ठेव फोन."

उदयसिंह साहेब म्हणाले, "काढलास ना ठिपका? मग झालं." शबनूरनं पोलिसांना फोन केला. गाडी पाठवतो, असं उत्तर आलं. पण तिला बसवेना. तिनं बॅग उचलली आणि गडहिंग्लजची एसटी धरली.

दुपारी ती मळ्यात पोचली. पोलिसांची गाडी कुठंच नव्हती. रस्त्याच्या कडेला एक पांढरी मोटार सावलीत उभी होती. पडवीत तक्रार करणारी शालूबाई भिंतीला टेकून बसली होती. समोर तिचा मुलगा बाळासो मान खाली घालून, आणि त्याच्या शेजारी अत्तर लावलेला, इस्त्रीच्या कपड्यातला तरुण. आतल्या उंबऱ्यावर सून उभी होती, पोट नुकतंच दिसायला लागलेली.

"या मॅडम, बसा," तरुण म्हणाला. "मी राजवीर. ह्यो नकाशा तुमचाच न्हवं?" त्यानं मोबाईल पुढं केला. ठिपका गेला होता, पण त्याचा फोटो त्याच्याकडं होता. "लई भारी काम केलंय. फोन कुणी केला म्हणून आम्ही गावभर हुडकत हुतो. तुम्ही घरच दाखवलं."



"वहिनींचं पोट पाडायचं आज ठरलंय," राजवीर गोड आवाजात म्हणाला. "पोरगी हाय म्हणून बाळासोला आम्हीच सांगिटलं. काकी मधी आल्या, म्हणून खोळंबा. आता काकींनी फोन करून म्हणायचं, तक्रार चुकून केली. विषय मिटला. न्हायतर मळ्यात एकटं घर हाय, सभोवती वाळलेला ऊस."

"पोलिसांची गाडी निघालीय," शबनूर म्हणाली.

"येऊ दे की. बघू कोण येतंय."

शालूबाई उठली. आत जाऊन तिनं सुनेचं मनगट धरलं आणि तिला बाहेर आणलं.

"वाट सोड, बाळासो."

बाळासोनं आईकडं पाहिलं नाही, राजवीरकडं पाहिलं.

"जाऊ दे रं," राजवीर हसला. "कुठं जातील?"

तिघी उसातल्या पायवाटेनं निघाल्या. सून रडत नव्हती. ती फक्त पदर पोटावर घट्ट धरून चालत होती. मागं मोटारीचं इंजिन सुरू झालं. मुख्य रस्त्यावर एसटी मिळेपर्यंत मोटार त्यांच्यापासून थोड्या अंतरावर थांबून राहिली. मग एसटीच्या मागं मागं गडहिंग्लजच्या स्टँडपर्यंत आली. शबनूर त्यांना तशीच पोलीस ठाण्यात घेऊन गेली. शालूबाईनं जबाब दिला, राजवीरचं नाव घेतलं, मुलाचंही घेतलं. मुलाचं नाव घेताना मात्र तिनं डोळे मिटले.

शबनूरनं दोघींना कुरुंदवाडला आपल्या घरी नेलं. तिची आई मेहमुदा हिनं काही न विचारता भाकरी थापायला घेतली.

राजवीरला पकडलं आणि तो जामिनावर सुटला. मशीन सापडलं नाही. नकाशातले तक्रारींचे ठिपके बंद झाले. बैठकीत उदयसिंह साहेबांनी झाल्या प्रकाराला तांत्रिक चूक म्हटलं. तो फोटो मात्र अजून गावोगावच्या मोबाईलवर फिरतोय, शालूबाईच्या घराच्या कौलांसकट. बाळासो एकदाही आला नाही.

सुनेला मुलगी झाली. बाळंतीण आतल्या खोलीत असते. शालूबाई दिवसभर बाहेरच्या दाराशी बसते, रस्त्याकडं तोंड करून. उन्हाच्या झळा आत येतात, म्हणून मेहमुदा एकदा दार लोटायला गेली.

"उघडंच ऱ्हाऊ दे, भैनी," शालूबाई म्हणाली. "कोण येतंय ते मला आधी दिसाय पायजे."