घोडीपासून चार बोटं

बाबांचा उजवा हात घोडीकडे सरकतोय हे लेकीच्या पहिल्यांदा लक्षात आलं, तेव्हा तिला वाटलं, काहीतरी नवीन करून बघत असतील. घोडी म्हणजे ल्यूटच्या, त्या जुन्या युरोपी तंतुवाद्याच्या, पोटावर तारा जिथे बांधतात ती लाकडी पट्टी. तिच्याजवळ छेडलं की स्वर कडक, टोकदार निघतो. चार बोटं दूर, पोटाच्या मधल्या भोकावरच्या कोरीव जाळीपाशी छेडलं की भरलेला, गोड. चाळीस वर्षं बाबांनी शिकणाऱ्यांकडून हेच घोटून घेतलं होतं, आणि घोडीशी घुटमळणाऱ्याची भर वर्गात बिनपाण्याने केली होती.

वर्षभरात त्यांचाच हात तीन बोटं खाली आला. शिवाय बोटाच्या मऊ पेराऐवजी नखाने छेडणं सुरू झालं. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसा आवाज, आणि हे डोळे मिटून खूश! "आत्ता कुठे हात बसलाय बघ," म्हणायचे.

कान गेले होते, दुसरं काय. कडक स्वर तेवढा ऐकू यायचा, त्याच्या मागे हात गेला. कानातलं यंत्र आणलं, तर "ह्यात कोणीतरी भांडी घासतंय" म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलं. नाकावर माशी बसू न देणाऱ्या या माणसाला सांगायचं कोणी? शिष्य गोड गोड कारणं सांगून पांगत होते. शनिवारी बाबांचं शेवटचं जाहीर वादन होतं. लोक हसले तर, या विचाराने लेकीचा जीव टांगणीला लागला होता.

गुरुवारी दुपारी तिने हिय्या केला.

"बाबा, हात वर घ्या ना जरा. जाळीकडे," ती मोठ्याने म्हणाली. "फार कडक वाजतंय."

"माझं? कडक?"

ते चिडले असते तर बरं झालं असतं. नुसतेच तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दाखव कुठे."

तिने त्यांचं मनगट धरून हात जाळीपाशी नेला. "आणि पेराने हं, नखाने नाही."

त्यांनी तार छेडली. तोच जुना स्वर! खोली भरून गेली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "हाच, बाबा! हाच!"

बाबा वाट बघत होते. त्यांनी पुन्हा छेडलं. मान वाकवून कान तारांपाशी नेला, पुन्हा छेडलं.

"वाजतंय का गं?"

"वाजतंय ना. किती छान वाजतंय."

"तुला येतंय ऐकू?"

"हो."

"मला नुसतं बोटाला कळतंय," बाबा म्हणाले. "बरं. शनिवारी इथेच, जाळीपाशी वाजवतो. तू पहिल्या रांगेत बस. कसं होतंय ते तुझ्या तोंडावरून बघीन."

आता नको म्हणावं तर हात पुन्हा घोडीशी जाऊन लोक हसणार, आणि हो म्हणावं तर बाबांचं शेवटचं वादन सगळं सभागृह ऐकणार, एक बाबा सोडून. बाबांनी जाळीपाशीच नवीन रचना सुरू केली आणि डोळे न मिटता तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती हसत राहिली.