रक्ताचा कापूस कोणत्या डब्यात

समाजशास्त्राच्या पहिल्या वर्षात जो पहिला धडा शिकवला जातो तो असा: माणूस आपल्या मर्जीने जगतो असे त्याला वाटते, तेव्हाही बहुतेक वेळा तो दुसऱ्या कुणाच्या तरी मर्जीने जगत असतो. हा धडा निरुपद्रवी समजला जातो. म्हणून तर तो सकाळच्या पहिल्या तासाला, अर्धवट झोपेतल्या मुलांपुढे, पंख्याच्या घरघरीत शिकवू देतात.

अनुश्री तो इंदूरच्या एका खासगी महाविद्यालयात कित्येक वर्षे शिकवत होती. त्या शनिवारी तिने तो डावा हात प्लास्टरमध्ये घालून शिकवला. मनगटाचे हाड गुरुवारी मोडले होते. जयेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिचा हात न्हाणीघराच्या चौकटीवर दाबून धरला आणि दार लावले. एकदा लावून समाधान झाले नाही, म्हणून ते उघडून पुन्हा लावले. वर्गाला तिने स्कूटरवरून पडल्याचे सांगितले.

"मॅडम, समाज समाज म्हणतात," मागच्या बाकावरच्या प्राचीने विचारले, "पण तो दिसतो कुठे?"

"दिसत नाही," अनुश्री म्हणाली. "तो सांगतो तसं वागत राहिलीस तर जन्मभर दिसणार नाही. एकदा उलट वागून बघ. पत्ता शोधत घरी येतो."

वर्ग हसला. समाजशास्त्राच्या तासाला मुले अशा ठिकाणी हसतात.

जयेश राक्षस नव्हता. राक्षस असता तर प्रश्न सोपा होता. राक्षसाला कुणी जावई करून घेत नाही. तो अकोल्याहून आलेला, पलासियातल्या एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवणारा, नीटनेटक्या अक्षराचा माणूस होता. यंदा त्याच्या बॅचचा निकाल घसरला. गुरुवारी दुपारी क्लासच्या मालकाने भरल्या वर्गात त्याला सांगितले, "सर, आपसे नहीं हो रहा तो ठेला लगा लो, मैं उधार पोहा खा लूँगा." मुले हसली. अपमान हा पाण्यासारखा असतो, उतार मिळेल तिकडे वाहतो. मालकापासून जयेशपर्यंत आणि जयेशपासून अनुश्रीपर्यंतचा उतार फार जुन्या काळी, फार निगुतीने बांधून काढलेला आहे. तिच्यापुढे उतार नव्हता. तिच्यापाशी ते पाणी साचत असे.

हे त्यांच्या इमारतीत कुणाला माहीत नव्हते असे म्हणणे त्या इमारतीवर अन्याय करणे होईल. लग्नाच्या पहिल्या वर्षी भिंतीवर आपटून अनुश्रीची भुवई फुटली होती. ती कापसाने रक्त टिपत राहिली आणि कापूस हाताला लागलेल्या डब्यात टाकत राहिली. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी येऊन गेल्यावर खालच्या मजल्यावरच्या वसुधाताईंनी बेल वाजवली. वसुधाताई इमारतीच्या समितीच्या प्रमुख होत्या, आणि हे शहर आपल्या स्वच्छतेविषयी अतिशय हळवे आहे.

"अनुश्री, रक्ताचा कापूस ओल्यात नाही टाकायचा हं," त्या प्रेमाने म्हणाल्या. "त्याचा डबा वेगळा असतो. गाडीवाले मग खाली सबको सुनाते हैं." मग त्यांची नजर भुवईवर गेली आणि तिथून दाराच्या तोरणाकडे सरकली. "बर्फ लाव थोडा."

त्या बोलण्यात नागरी शिस्त होती, शेजारधर्म होता, प्रथमोपचारही होता. एक प्रश्न तेवढा नव्हता. अनुश्रीने तिसरा डबा आणला. तो रिकामा म्हणून सहसा राहिला नाही.

माहेरी ती याआधीही आली होती. अन्नपूर्णा मंदिराच्या मागच्या गल्लीत तिच्या वडिलांचे, सुधाकररावांचे, दोन खोल्यांचे घर. रेल्वेतून निवृत्त झालेले सुधाकरराव प्रत्येक वेळी तिला रिक्षातून उतरवून घेत, दोन दिवस ठेवून घेत, आणि मग आई शोभना तिची ओटी भरे. सासरी निघालेल्या लेकीला रिकाम्या पदराने पाठवायचे नाही, अशी रीत आहे. तांदूळ, खण, हळकुंड, सुपारी, नारळ. मोडलेल्या बरगडीसह परत पाठवायला मात्र रीतीची हरकत नसते.

या वेळी ती शुक्रवारी आली होती आणि आल्याआल्या म्हणाली होती, "मी परत जाणार नाही." हे वाक्य नवे होते. म्हणून शनिवारी संध्याकाळी बैठक ठरली.

महाविद्यालयातून परतल्यावर ती पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली. गॅसवर पोह्यांची कढई होती. ओट्याच्या कोपऱ्यात, वर्तमानपत्राखाली झाकून, पितळी ताट ठेवले होते. तिने कागद उचलला. तांदूळ, हिरवा खण, हळकुंड, सुपारी, शेंडीचा नारळ.

"आई, हे काय?"

"असू दे गं. लागलं तर." शोभनाबाईंनी कढईतून मान वर केली नाही.

"बैठक व्हायची आहे अजून."

"तू आधी खाऊन घे. हात दुखतोय का?"

निकाल आधी आणि सुनावणी मागून, ही पद्धत हुकूमशाही राज्यांत चालते असा सर्वसाधारण समज आहे. तिथे निदान ताटाला हळदकुंकू लावत नाहीत.

अप्पासाहेब सहाच्या सुमारास आले. अर्धे आयुष्य मराठी मंडळाचे अध्यक्षपद भोगलेला, पांढऱ्या सफारीतला, गोड आवाजाचा हा गृहस्थ मोडू घातलेले संसार सांधण्यासाठी परदेशीपुऱ्यापासून पलासियापर्यंत प्रसिद्ध होता. त्याने सांधलेल्या संसारांतल्या बायकांना कुणी विचारले नव्हते. मागोमाग जयेश आला. गरम जिलबीचा पुडा त्याने सासूच्या हाती दिला आणि वाकून सासऱ्यांच्या पाया पडला. अनुश्रीकडे पाहून म्हणाला, "प्लास्टर फार घट्ट नाही ना बांधलं?"

"बघा," अप्पासाहेब खुर्चीत रेलत म्हणाले, "काळजी आहे की नाही? सुधाकर भिया, जावई हिरा आहे तुमचा. थोडा गरम आहे बस. आमच्या वेळी तर गरम असणं हीच क्वालिफिकेशन होती." स्वतःच हसले. "अनु बेटा, क्या है ना, भांड्याला भांडं लागतंच."

"दोन्ही भांडी असली तर लागतं, अप्पासाहेब," अनुश्री म्हणाली. "आमच्याकडे एक भांडं आहे आणि एक हातोडा."

"बाई शिकली की जबान चालते," अप्पासाहेब सुधाकररावांना म्हणाले. "चालू द्या. ऐकून घ्यायला तर आलोय."

मग तिने सांगितले. आवाज न चढवता, वर्गात सांगावे तसे. भुवई. बरगडी. मांडीवर टेकवलेली इस्त्री. न्हाणीघराचे दार, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा. पोह्यांच्या बशा हातात होत्या, खाणे चालू राहिले. सुधाकरराव शेवेचे कण बोटाने गोळा करत राहिले. जयेशने मान खाली घातली होती. लाजेने घातली असे म्हणायला जागा होती.

"कस्तुरीला बघायला पुढच्या आठवड्यात माणसं येतायत," अखेर सुधाकरराव म्हणाले. कस्तुरी ही धाकटी मुलगी, पुण्यात नोकरीला. "मोठी घरी बसलीये हे त्यांना काय तोंडानं सांगू?"

"बाबा, तुम्हाला माझा हात दिसतोय ना?"

"दिसतोय. दिसतोय म्हणूनच म्हणतोय, या वेळी जयेशरावांकडून शब्द घेऊ."

"मागच्या वेळीही घेतला होता."

"मग त्याचीच परत आठवण करून देऊ," अप्पासाहेब म्हणाले, आणि पुढे सरकून बसले. आपला हुकमी पत्ता काढण्याची वेळ झाली होती. "बेटा, तू शिकवतेस काय कॉलेजात? समाजशास्त्र. म्हणजे मी आपला अडाणी, पण एवढं ऐकून आहे की माणूस जन्मतः वाईट नसतो, त्याला परिस्थिती घडवते. बरोबर की नी?"

"बरोबर."

"मग जयेशची परिस्थिती बघ ना. परगावचा मुलगा. क्लासवाला रोज इज्जत काढतो. बाहेर बोलता येत नाही, तर घरात निघतं. तो मारत नाही बेटा, त्याची परिस्थिती मारते. मुलांना शिकवतेस, अपनेच नवऱ्याला नाही लागू करत?"

खोलीत समाधानाची हालचाल झाली. सुधाकररावांनी बशी खाली ठेवली. त्या घरात समाजशास्त्राचा एवढा आदर यापूर्वी कधी झाला नव्हता. ज्या शास्त्राने उतार कुणी बांधला ते दाखवायचे, त्याच्याकडून आज तळाशी उभ्या असलेल्या बाईला पाण्याची बाजू समजून घ्यायला सांगितले जात होते.

"कारण सांगणं आणि माफी देणं या दोन गोष्टी आहेत, अप्पासाहेब," अनुश्री म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या मुलांनाही हा फरक परीक्षेत लिहावा लागतो. मी जाणार नाही."

अप्पासाहेबांनी शोभनाबाईंकडे पाहून मान हलवली. शोभनाबाई आत गेल्या आणि ताट घेऊन आल्या. त्यांचे डोळे भरलेले होते आणि हात स्थिर होते. अशा बायकांचे हात फार स्थिर असतात, ते आईकडून येतात.

"ओढणी पुढे कर, अनु."

"नाही."

"असं करू नये बाळा. भरलेलं ताट परत नेऊ नये."

"मग कस्तुरीसाठी ठेव."

शोभनाबाईंनी जणू ऐकलेच नाही. त्यांनी ओंजळभर तांदूळ उचलून लेकीच्या मांडीवर घातले. अनुश्री उठून उभी राहिली. तांदूळ फरशीवर सांडले, खुर्च्यांखाली पसरले. तेवढ्यात जयेश उठला. त्याने काही गडबड केली नाही. त्याने तिचे प्लास्टरमधले मनगट धरले आणि कुलपात किल्ली फिरवावी तसे पिळले.

"चल," तो हळू आवाजात म्हणाला. "तमाशा पुरे झाला."

प्लास्टरच्या आत हाडाची टोके एकमेकांवर घासली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो इमारतीला परिचित होता, या घराला नव्हता. सुधाकररावांनी डोळे मिटले. शोभनाबाई ताट धरून उभ्या राहिल्या.

"अरे अरे, जयेशराव," अप्पासाहेब म्हणाले. "सगळ्यांसमोर नको."

सगळ्यांसमोर नको. इतकी वर्षे ज्या नियमाने हे सारे चालले होते तो नियम इतक्या स्पष्ट शब्दांत प्रथमच उच्चारला गेला. अनुश्रीने तो ऐकला. तिचा उजवा हात मोकळा होता, आणि ताट हाताच्या अंतरावर होते.

नारळ जयेशच्या गालाच्या हाडावर बसला. आवाज ओल्या लाकडासारखा आला. त्याची पकड सुटली, गुडघे वाकले, आणि तो वर पाहू लागला. त्या पाहण्यात वेदनेपेक्षा आश्चर्य अधिक होते. दुसरा घाव घालण्याची गरज नव्हती. तो तिने पूर्ण शुद्धीवर राहून घातला, तोंडावर. दोन दात तांदळांत पडले. पांढऱ्यात पांढरे, ते चटकन दिसले नाहीत. नारळ फुटला नाही. तिने तो शेंडीने धरून पुन्हा ताटात ठेवला.

"परिस्थितीनं मारलं, अप्पासाहेब," ती म्हणाली. तिला धाप लागली होती. "मी नाही."

समाज ज्या वेगाने धावून येऊ शकतो तो अनुश्रीने त्या संध्याकाळी प्रथम पाहिला. अप्पासाहेबांचा गोड आवाज ओरडू लागला. सुधाकररावांचे डोळे उघडले आणि ते जावयाला सावरायला जमिनीवर बसले. समोरच्या घराचे दार उघडले, जिन्यात चपला वाजल्या, कुणीतरी विचारले, "क्या हुआ, किसने मारा?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणाला सुचला नव्हता. अप्पासाहेबांनी पोलिसांना फोन लावला आणि पत्ता दोनदा, खुणेसकट सांगितला.

"ही बाई... नको मला," जयेश रक्ताच्या गुळण्यांतून म्हणाला. "घरात पाय ठेवायचा नाही हिनं."

"कसा ठेवेल," अप्पासाहेब कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "खुनी बाई आहे. सुधाकर, अशी मुलगी सासरी पाठवायची म्हणजे... नाही, नाही. मी मध्ये पडणार नाही."

म्हणजे मुद्दा निकाली निघाला होता. भुवईने, बरगडीने, इस्त्रीच्या डागाने जो निघाला नव्हता, तो. तिला परत जायचे नव्हते. आता तिला परत घेणारे कुणी उरले नव्हते. पुढे पोलीस होते, गुन्हा होता, महाविद्यालयाची नोटीस होती. ती भिंतीला टेकून मोडलेला हात छातीशी धरून बसली.

शोभनाबाई आतून कापसाची गुंडाळी घेऊन आल्या. त्या जावयाच्या शेजारी बसल्या आणि टिपू लागल्या. एक बोळा भिजला, दुसरा भिजला, मांडीपाशी लाल ढीग झाला. आयुष्यभराच्या सवयीने त्यांनी तो ओंजळीत गोळा केला आणि उठल्या. स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. आत दोन डबे होते, हिरवा आणि निळा. त्या एकाकडून दुसऱ्याकडे पाहत राहिल्या. त्यांच्या घरी ही वेळ कधी आली नव्हती.

"ओल्यात नको टाकू, आई," अनुश्री भिंतीपाशी बसूनच म्हणाली. "त्याचा डबा वेगळा असतो."

खाली गल्लीत पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला.