खुर्चीमागचा ओरखडा

“एकशे चौदा,” नवी पहारेकरीण ओरखड्यांच्या यादीवर खूण करत म्हणाली. “हा बदाम. बुजवलाय. पुढे?”

“पुढे काही नाही. संपली यादी,” शिट्टीमास्तर म्हणाला.

त्याचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. कुणी खडकाला हात लावला की पार दुसऱ्या टोकावरून याची शिट्टी वाजायची, म्हणून शिट्टीमास्तर. एकतीस वर्षं त्याने या वाळूच्या टेकड्या राखल्या; आज त्याचा शेवटचा दिवस. कधीकाळी इथे वाळवंट होतं. वारा वाळू ढकलत होता, टेकडीवर टेकडी चढत होती. मग सगळं गाडलं गेलं, पाणी झिरपलं, कणाला कण चिकटला आणि अख्खं वाळवंट जागच्या जागी दगड झालं. वाऱ्याने रचलेले तिरपे थर अजून तसेच होते. डोकं आपटलं तर खोक पडेल, पण किल्लीने घासलं तर भुगा निघेल, असा तो विचित्र दगड. त्यामुळे ज्याला घरी कुणी विचारत नाही, तोही इथे नाव कोरून अमर व्हायला बघायचा.

ओरखडे बुजवायचं कामही मास्तरचंच. पायथ्याशी गळलेली वाळू चाळायची, चुन्याच्या पाण्यात कालवायची आणि अंगठ्याने दाबायची. लाल थराला लाल, पिवळ्याला पिवळी. थराची रेघ ब्रशने पुढे ओढली की ओरखडा कुठे होता ते कोरणाऱ्याच्या बापालाही कळायचं नाही.

“मग करा सही,” ती म्हणाली. “उद्यापासून यादीबाहेरचा ओरखडा सापडला तर तो माझ्या माथी. आधीच्या जागेवर असंच झालं माझं. दुसऱ्याचं पाप, आणि नोकरी गेली माझी.”

मास्तरने पेन घेतलं.

“आणि ही खुर्ची तिकडे नेते हं. इथे दुपारभर ऊन, सावली समोर. तुम्ही काय उन्हातच बसत होता?”

“सवय झाली,” तो म्हणाला. पण पेन काही पुढे सरकेना.

एकोणीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बायको रोज दुपारी डबा घेऊन यायची. त्या दिवशी तो कुणाशी तरी हुज्जत घालत होता, आणि ती खडकाला टेकून वाट बघत बसली होती. मास्तर वळला तर हिच्या हातात केसातली पिन, आणि खडकावर टीचभर घर. छप्पर, दार, दारापुढे पायरी. मास्तरने काय करावं? शिट्टी वाजवली. स्वतःच्या बायकोवर, चारचौघांत. लोक हसले.

“वाट बघता बघता हात चालला हो,” ती म्हणाली.

“अक्कल गहाण टाकलीस का?” तो ओरडला.

ती डबा ठेवून निघून गेली. पुन्हा कधी आली नाही; सकाळीच डबा भरून त्याच्या हातात द्यायची. मास्तरही हट्टाला पेटला. येऊ दे, तिच्याच हाताने बुजवायला लावतो, म्हणून त्याने ते घर तसंच ठेवलं आणि पुढे खुर्ची मांडली. बारा वर्षं दोघं एका ताटलीतली चटणी वाटून खात राहिले, पण चुकलं माझं, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत. मग एका आजारपणात ती गेली. त्यालाही सात वर्षं झाली. आता बुजवायला हात धजत नव्हता.

“ताई, खुर्ची उचला,” तो म्हणाला.

तिने खुर्ची बाजूला केली, वाकून पाहिलं. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का मास्तर? कुणी केलं हे?”

त्याने सांगितलं. सगळं सांगितलं, शिट्टीसकट.

तिने खुर्ची पुन्हा हातात घेतली. मग म्हणाली, “राहू द्या. मीही बसेन उन्हात.”

“आणि पुन्हा नोकरी घालवून बसाल. नको. माझं पाप झाकायला तुमची खुर्ची कशाला?”

त्याने यादीत एकशे पंधरा आकडा घातला. ‘कुणी केला’ या रकान्यात वरपासून खालपर्यंत ‘अज्ञात’ होतं. तिथे त्याने सावकाश लिहिलं, ‘पहारेकऱ्याची बायको.’ खाली सही केली.

मग वाळू चाळली, चुन्याचं पाणी घेतलं. छप्पर बुजलं, पायरी बुजली. दाराशी अंगठा थांबला. “चुकलं माझं,” तो खडकाला म्हणाला, आणि दारही बुजवलं.

“खुर्ची कुठे ठेवू?” नव्या पहारेकरणीने विचारलं.

“सावलीत ठेवा.”

त्याने शिट्टी गळ्यातून काढून तिच्या हातात दिली आणि निघताना एकदा खडकाकडे वळला. एव्हाना चुना सुकला होता. तिरपे थर या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेले होते. तो बोटांनी चाचपत राहिला, इकडे, जरा खाली, पुन्हा वर. घर नेमकं कुठे होतं, ते त्यालाही सापडेना.