शेवटच्या चारीची नावं

१९९४ सालचा मार्च. भडगावजवळच्या एका गावात पाणीवाटप सोसायटीच्या कचेरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कॉम्प्युटरच्या गळ्यात झेंडूचा हार, कळफलकावर हळदकुंकू आणि समोर रतिलालभाऊ पाट मांडून बसलेले. जळगावच्या कॉम्प्युटर क्लासचे हे मालक अलीकडे कपाळाला अष्टगंध लावू लागले होते.

"नऊशे ओळींचा प्रोग्रॅम," ते सांगत होते. "परवा सकाळी अनुष्ठानाला बसवला, दार लावलं. कोणी हात लावला नाही. संध्याकाळी तीनशे ओळी. काम तेच, मांडणी नवी. माणसाला जमेल का हे? यंत्रात देवी जागी झाली आहे."

लोकांनी हात जोडले. दाराशी उभ्या प्रमिलाबाईंनी जोडले नाहीत. त्या चाळीसगावच्या कॉलेजात गणित शिकवत. हे त्यांचं माहेर. पाटाच्या पाण्याची कुणाची पाळी कधी, याचं पत्रक छापणारं ते नऊशे ओळींचं जंजाळ त्यांनीच दोन सुट्ट्यांत लिहिलेलं. नियम बदलला की ठिगळ लावायचं, असं करत ते गुंतत गेलं होतं. फेरमांडणी हवी हे त्यांना ठाऊक होतं. वेळ झाला नव्हता.

आज त्यांना बोलावलं होतं भिकुबाईने. नव्या पत्रकात शेवटच्या चारीवरची, म्हणजे पाटाच्या पार टोकाच्या फाट्यावरची, तिच्यासकट पाचही नावं नव्हती.

"आठ दिनमां केळी वाळी जाई," भिकुबाई म्हणाली. "लोके म्हनतस, देवीनी तुन्हं नाव गाळं. मी काय पाप करं व माय?"

"देवीले कारन ठाऊक राही," चेअरमन उखर्डूनाना म्हणाले.

प्रमिलाबाईंना दमल्यासारखं झालं. मागच्या वर्षी अंगात येणारी बाई, त्याआधी खड्याने मूळव्याध बरी करणारा. आता हे.

"रतिलालभाऊ, अनुष्ठानाला मशीनमध्ये तुम्ही जी फ्लॉपी घातलीत, तिच्यात काय आहे ते बघू द्या."

"शास्त्रात परवानगी नाही, ताई."

"कुठल्या शास्त्रात?" त्या नानांकडे वळल्या. "नाना, मशीन सोसायटीचं शे का देवीचं?"

"सोसायटीनंच," नाना नाइलाजाने म्हणाले.

पाव तास त्यांनी फ्लॉपीतलं वाचलं. मग पाणीवाटपाचे अकरा नियम अकरा चिठ्ठ्यांवर लिहिले.

"नाना, डोळे मिटून एक चिठ्ठी काढा. उरलेल्या नियमांनी पाळ्यांच्या जुन्या वहीचं पहिलं पान जुळतं का, ते कारकून नथ्थूभाऊ तपासतील. चुकलं तर चिठ्ठी परत ठेवा, बरोबर आलं तर फेका. चिठ्ठ्या जितक्या कमी, तितके गुण जास्त."

पहिल्या तीन चिठ्ठ्या परत गेल्या. चौथीला नथ्थू म्हणाला, "पहिलं पान बराबर शे." नानांनी चिठ्ठी फेकली.

"आता डोळे उघडून वाचा."

नाना वाचून थांबले. "शेवटच्या चारीची पाळी वेगळी धरावी. पाणी पोचायला अर्धा तास जास्त."

पाटाच्या तोंडाकडची नावं पहिल्या पानावर आणि शेवटच्या चारीची शेवटच्या पानावर, ही तिथली आजोबांच्या काळापासूनची रीत.

"मशीनने दिवसभर हेच केलं, हजारो वेळा," प्रमिलाबाई म्हणाल्या. "ओळ हलव, जोड, काढ. तपास. बरं झालं तर ठेव, नाही तर मागे फिर. शोधायची ही रीत चांगली आहे, मीही वापरीन. पण यांनी तपासायला वहीचं पहिलं पानच दिलं. शेवटच्या चारीची नावं ज्या नियमाने पत्रकात येतात, तो काढला तरी मशीनला सगळं बरोबरच दिसलं."

"वेळ वाचावा म्हणून," रतिलालभाऊ पुटपुटले.

"पहिल्या पानावर चेअरमनचं नाव आलं, म्हणजे झालं," प्रमिलाबाई म्हणाल्या.

मागे कोणीतरी हसलं. नानांनी टोपी सारखी केली.

प्रमिलाबाईंनी दुपारभर बसून सगळी वही मशीनला दिली आणि दार उघडं ठेवून आपल्या मूळच्या नऊशे ओळींवर फ्लॉपीतला तोच शोधणारा प्रोग्रॅम पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी चारशे तीस ओळी झाल्या. पत्रकात पाचही नावं होती.

नथ्थूने जाता जाता मशीनला नमस्कार केलाच.

"करा नमस्कार," त्या थकून म्हणाल्या. "पण आधी विचारा, तपासायला काय दिलं होतं? ज्याचं नाव गळलं त्याचं पाप शोधू नका, तपासणीतली चूक शोधा."

भिकुबाईने कागदावर बोट ठेवलं. "यामां मन्हं कोनतं?"

"हे. गुरुवार, सकाळी सहा."

तिने बोट त्या ओळीवर सरकवलं. मग म्हणाली, "येळ बराबर शे का, ते परत एकदाव देख."

प्रमिलाबाईंनी वही पुन्हा उघडली.