ढमालीची भूक

तपासणीच्या प्लेटमधल्या शेवटच्या ओळीत द्रावणाचा थेंब सोडून तिने पिपेट खाली ठेवलं आणि दोन्ही हात पाठीमागे बांधले, नाहीतर तिने ती प्लेट पुन्हापुन्हा उचलून पाहिली असती.

"श्वास घे गं जरा," बाई म्हणाल्या. तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक. एरवी टेबलापाशी पाच मिनिटं न टिकणाऱ्या बाई आज चहा निवला तरी हलल्या नव्हत्या.

प्लेटमधल्या इवल्या खळग्यांत उंदरिणींचं रक्त होतं. भुकेचं संप्रेरक जितकं जास्त, तितका पिवळा रंग गडद. काहींचे बीजकोश, म्हणजे अंडाशय, काढलेले, काहींचे शाबूत. कोणती कुठल्या गटातली, याची यादी फक्त बाईंच्या संगणकात. फरक दिसला नाही, तर तिची तीन वर्षं पाण्यात जाणार होती.

रंग चढू लागला. एक खळगा तर बघता बघता पिवळाधमक झाला.

"ढमाली!" ती ओरडलीच. ढमाली म्हणजे सगळ्यांत गुबगुबीत उंदरीण; हे नाव तिचंच.

"कुठल्या गटातली असेल?"

"तिला कसला गट, बाई! जन्माची हावरट आहे ती."

बाईंनी संगणकावर क्रमांक जुळवले. एकदा, मग पुन्हा एकदा.

"बीजकोश काढलेली. आणि हे गडद झालेत ना, ते सगळे तिच्याच गटातले!"

तिने बाईंना अशी काही मिठी मारली की त्यांचा चष्मा पडला. मग धावत पिंजऱ्यापाशी जाऊन ती म्हणाली, "माफ कर गं, उगाच नावं ठेवली तुला." ढमाली खाण्यात दंग होती.

व्हरांड्यात येऊन तिने आईला फोन लावला.

"आई, जमलं! बीजकोश काढले की भूकच वाढते त्यांची. हावरटपणा नव्हेच तो!"

"अगंबाई, छानच झालं की!" आई म्हणाली. "माझेही काढलेच ना गेल्या वर्षी. म्हणजे माझंही तसंच?"

"उंदरांवरून माणसांचं लगेच सांगता येत नाही, आई." बाईंनी घोटून घेतलेलं वाक्य सवयीने बाहेर पडलं. आणि मग तिला रविवारचं जेवण आठवलं. आईच्या हातातून भांडं ओढून घेत ती म्हणाली होती, 'किती तो हावरटपणा!' सगळे हसले होते. आईसुद्धा.

"जेवलीस?" तिने विचारलं.

"अर्ध्यावर उठले. तूच सांगतेस ना, तोंडाला आवर घाल म्हणून. आज जमवलं बघ मीपण." आईच्या आवाजात कौतुक होतं, स्वतःचंच.

तिला एकदम रडू आलं.

"आई, परत बस. वाढून घे. मी आहे फोनवर."

"आणि तुझे उंदीर?"

"थांबतील."

पलीकडे झाकण वाजलं, मग ताट.

"अजून एक डावभर भात घेऊ का गं?" आईने हळूच विचारलं.